फेसाचे मोल कोणाच्या पदरी?

द्राक्षाला सीमा ठाऊक नसते. अथणी तालुक्यातील वेलीवर पिकलेल्या द्राक्षाचा बेदाणा तासगाव-सांगलीच्या सौद्यात उतरतो, आणि वाटेत त्याला कोणी अडवीत नाही. तू महाराष्ट्राचा की कर्नाटकाचा, असे त्या मालाला कोणी विचारीत नाही. परंतु त्याच घडाचा रस काढून तो आंबविला आणि बाटलीत भरला, की तत्क्षणी त्याला गाव, राज्य, परवाना, शुल्क अशा नाना उपाधी चिकटतात. फळ म्हणून जो घड अवघ्या भारताचा असतो, तोच वाइन झाला की एका राज्याचा प्रजाजन आणि शेजारच्या राज्यात परका ठरतो.

बेळगाव-निपाणीच्या सीमाप्रश्नाची चर्चा आपल्याकडे भाषेच्या, न्यायाच्या आणि अस्मितेच्या अंगाने पुष्कळ झाली आहे आणि ती यापुढेही होत राहील. तिचे महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही. पण सीमेवर राहणाऱ्या माणसाला पोटही असते आणि त्या पोटाचा प्रश्न न्यायालयाच्या तारखांवर थांबून राहत नाही. म्हणून आज या प्रश्नाच्या एका दुर्लक्षित, आर्थिक बाजूकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. निमित्त आहे फेसाळ वाइनचे. तिला सामान्यजन सरसकट 'शँपेन' म्हणतात. वास्तविक ते नाव फ्रान्समधील शँपेन प्रांतात झालेल्या वाइनलाच लावण्याचा अधिकार आहे आणि भारतातही ते भौगोलिक मानांकन म्हणून नोंदले गेले आहे. आपण आपल्या मालाला फेसाळ वाइनच म्हणावे. नाव उसने घेऊन माल मोठा होत नाही.

हा विषय गोमंतकातील वाचकाला दूरचा वाटू नये. आपल्या ताटातील भाजी बेळगावकडून येते. घाटापलीकडे पाऊस लांबला की त्याची झळ इथल्या स्वयंपाकघरात जाणवते. बेळगावच्या शेतकऱ्याचे बरेवाईट हे आपल्या शेजारघरचे बरेवाईट आहे. शिवाय काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळवून देणाऱ्या या भूमीला, मातीचा गुण बाटलीत कसा उतरतो आणि त्याचे मोल कोणाच्या हाती पडते, हे निराळे सांगावयास नको.

प्रथम ही वस्तू होते कशी, ते पाहू. कारण तिच्या अर्थकारणाचे सारे मर्म तिच्या करणीतच आहे. साधी वाइन होण्यास रसातील साखर एकदा आंबली की पुरे. फेसाळ वाइनला मात्र दोन जन्म घ्यावे लागतात. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर ती द्विज आहे. तिच्यासाठी द्राक्ष लवकर तोडतात. खाण्याच्या द्राक्षाला गोडी हवी, तर या द्राक्षाला आंबटपणा हवा. साखर सतरा-अठरा ब्रिक्सच्या आसपास असतानाच घड उतरवितात आणि ते सबंधच, हलक्या हाताने दाबतात. शँपेन प्रांताचा नियम असा, की चार हजार किलो द्राक्षांतून २,५५० लिटरहून अधिक रस घ्यावयाचा नाही. त्यापुढे निघेल तो रस या कामाचा नव्हे. या हिशेबाने एका बाटलीमागे सव्वा किलोच्या आसपास द्राक्ष लागते.

या रसाची आधी साधी, आंबटसर वाइन करतात. मग निरनिराळ्या मळ्यांच्या आणि वाणांच्या वाइन एकमेकींत मिसळून चव जुळवितात. त्यात लिटरमागे सुमारे चोवीस ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून ती जाड काचेच्या बाटलीत भरतात आणि टोपण घट्ट बसवितात. आता दुसरा जन्म सुरू होतो. साखर पुन्हा आंबते. तिच्यातून सुटणारा वायू बाहेर पडावयास वाट नसल्याने वाइनमध्येच मुरतो. बाटलीतील दाब सहा वातावरणांपर्यंत चढतो, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या सुमारे तिप्पट. अठराव्या शतकात अशा बाटल्या तळघरात धडाधड फुटत आणि कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे चढवून आत जात. यीस्ट आपले काम संपवून मरते आणि त्याचा साका तळाशी बसतो. या साक्यावर वाइन महिनोन्महिने निजवून ठेवतात. भाजलेल्या पावासारखा जो तिचा वास जाणकार वाखाणतात, तो या निद्रेतून येतो. शँपेन प्रांतात बाटली भरल्यापासून निदान पंधरा महिने ती विक्रीस काढता येत नाही. विशिष्ट वर्षाचे नाव लावावयाचे तर तीन वर्षे.

यानंतरचा प्रश्न असा, की वायू न दवडता साका काढावयाचा कसा? त्याचे उत्तर एका विधवेने आपल्या तळघरात शोधले. मादाम क्लिको हिचा पती १८०५ साली वारला तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. पतीची पेढी तिने स्वतः चालविली आणि १८१६ च्या सुमारास भोके पाडलेल्या टेबलात बाटल्या मान खाली करून खोवण्याची रीत तिच्या तळघरात रूढ झाली. रोज प्रत्येक बाटली किंचित हलवून, किंचित फिरवून ठेवावयाची. काही आठवड्यांत सारा साका घरंगळत टोपणाशी येतो. मग बाटलीची मान गोठवितात, टोपण काढतात, आणि आतील दाबाने साक्याचा बर्फगोळा आपोआप बाहेर उडतो. रिकामी झालेली जागा गोडसर वाइनने भरून बूच बसवितात आणि ते तारेने आवळतात. आता बाटल्या फिरविण्यास यंत्रे आली आहेत. मोठ्या हौदात दुसऱ्यांदा आंबवून खर्च वाचविण्याची रीतही आहे; इटलीची प्रोसेक्को बहुतांशी तशीच होते. सोड्याप्रमाणे वरून वायू भरण्याची तिसरी रीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत हलकी.

इतका तपशील देण्याचे कारण एकच. फेस द्राक्षात नसतो. द्राक्ष मळ्यातून निघून गेल्यानंतर तळघरात जे श्रम आणि जो काळ खर्ची पडतो, त्यातून तो निर्माण होतो. द्राक्षाचे पैसे शेतकऱ्याला एकदाच, तोडणीच्या वेळी मिळतात. बाटलीचे मोल मात्र पुढे वर्ष-दीड वर्ष वाढतच असते. म्हणून ज्याला थांबण्याची ऐपत, त्याच्या पदरी फेसाचे मोल. या व्यवसायाकडे सीमाभागाने पाहावयाचे ते या दृष्टीने.

आपल्या मुलखात हा प्रयोग अगदीच नवा नाही. १९८० च्या दशकात उद्योगपती शामराव चौगुले यांनी पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे फ्रेंच तंत्रज्ञांच्या साह्याने फेसाळ वाइनचा कारखाना उभारला. 'ओमर खय्याम' या नावाने ती वाइन परदेशी गेली आणि दख्खनच्या द्राक्षातूनही हा माल होऊ शकतो, असे तिने युरोपातील जाणकारांना दाखवून दिले. नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंतच्या परिसरात सहकारी तत्त्वावर असाच एक प्रयत्न झाला. २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखले, वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि विंचूर व पलूस येथे वाइन उद्याने योजिली. सुला, यॉर्क, ग्रोव्हर झाम्पा यांनी फेसाळ वाइन बाजारात आणल्या. अकलूजच्या फ्रातेल्लीने आणली. आणि शँपेनच्या मोठ्या फ्रेंच घराण्यापैकी एकाने दिंडोरीस बस्तान बसवून २०१३ पासून 'शाँदों' या नावाने येथील द्राक्षांची फेसाळ वाइन विकावयास सुरुवात केली. फ्रान्सच्या व्यापाऱ्याने आपल्या नाशिकच्या मातीवर भांडवल लावले, ही त्या मातीला मिळालेली पावतीच होय.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. नारायणगावचा तो गाजलेला उद्योग २००९ नंतर कर्जाच्या ओझ्याखाली कोसळला आणि त्याच्यावर विसंबलेले मळेवाले व कामगार उघड्यावर पडले. त्याच सुमारास नाशिककडे वाइनच्या द्राक्षांना गिऱ्हाईक उरले नाही, आणि मोठ्या आशेने लावलेल्या वेली शेतकऱ्यांनी आपल्याच हातांनी उपटून टाकल्या. खाण्याचे द्राक्ष पडत्या भावाने का होईना, बाजारात विकता येते; वाइनचे द्राक्ष कारखान्याने नाकारले तर ते ना बाजाराचे, ना बेदाण्याचे. विंचूरच्या मानाने पलूसचे उद्यानही बहरले नाही. सीमाभागातील शेतकऱ्याला फेसाळ वाइनची सुखस्वप्ने दाखविणाऱ्यांनी हा इतिहास आधी वाचावा.

आता प्रत्यक्ष सीमाभागाकडे वळू. बेळगाव शहर आणि खानापूर हा पावसाचा मुलूख; तिथे द्राक्ष रुजावयाचे नाही. निपाणीचा जीव तंबाखूत आणि उसात. पण तिथून पूर्वेकडे जावे तसा पाऊस विरळ होत जातो, आणि अथणीपाशी द्राक्षाचे मांडव दिसू लागतात. या मांडवांची रांग पुढे विजापूरकडे जाते आणि उत्तरेस राज्याची सीमा ओलांडून मिरज, कवठेमहांकाळ, तासगाव, जत अशी पसरते. माती तीच, हवा तीच, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी हे पंचांगही तेच. तासगावजवळच्या बोरगावात निवडलेला 'तास-ए-गणेश' वाण दोन्हीकडच्या मांडवांवर चढला, त्या वेळी त्याने कोणत्या सरकारची अनुमती मागितली नव्हती.

या मुलखाने थांबण्याची कला एका वेगळ्या रीतीने आधीच हस्तगत केली आहे. ती म्हणजे बेदाणा. कोरड्या हवेत चार किलो द्राक्षांचा सुमारे एक किलो बेदाणा होतो. तो शीतगृहात ठेवून भाव पाहून विकता येतो. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि कर्नाटकातील उत्पादकही आपला माल तासगाव-सांगलीच्या बाजार समित्यांत आणतो. म्हणजे नाशवंत माल टिकाऊ करावयाचा, पदरचे भांडवल अडकवावयाचे, प्रत पाहून वर्गवारी करावयाची आणि संयमाने सौदा करावयाचा, हे संस्कार येथे आहेत. वाइन हे त्याच वाटेवरचे पुढचे, पण फार अवघड पाऊल आहे.

आणखीही काही गोष्टी येथे हाताशी आहेत. फेसाळ वाइनच्या बाटलीत साखर घालावी लागते. चिकोडी-निपाणीच्या उसाच्या पट्ट्यात ती घरची आहे. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम आणि हायड्रॉलिक यंत्रांचा व्यवसाय पिढ्यांचा आहे. द्राक्ष हलके दाबणारी यंत्रे आणि दाब सहन करणाऱ्या टाक्या अशा कारागिरांना अशक्य नाहीत. गोकाक तालुक्यातील आरभावीस उद्यानविद्या महाविद्यालय आहे, बागलकोटला २००८ पासून उद्यानविद्या विद्यापीठ आहे, आणि पुण्याजवळ मांजरीस राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. उणीव आहे ती वाइनच्या द्राक्षवाणांची, थंड तळघरांची आणि ती थंड ठेवणाऱ्या अखंड विजेची. शँपेनमध्ये खडूच्या दगडात खोदलेली तळघरे बारा महिने दहा-बारा अंशांवर आपोआप राहतात. आपल्या वैशाखात तेवढ्या थंडीसाठी यंत्र अहोरात्र चालवावे लागेल. हा खर्च लपवून कोणी हिशेब मांडीत असेल, तर तो शेतकऱ्याची फसवणूक करीत आहे असे समजावे.

परंतु साधने असणे आणि मोल पदरी पडणे यांत अंतर आहे. ते किती, हे निपाणीने फार वर्षांपूर्वी सोसून पाहिले आहे. निपाणीची तंबाखू देशभर नावाजलेली. पण तंबाखूची वखार व्यापाऱ्याची, प्रतवारी व्यापाऱ्याची आणि भावही व्यापाऱ्याचाच. पिकविणाऱ्याच्या हाती उरला तो केवळ घाम. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीचा शेतकरी पुणे-बंगलोर महामार्गावर येऊन बसला. त्यात मराठी होते तसे कानडीही होते. त्या एप्रिलात पोलिसांनी गोळीबार केला आणि शेतकऱ्यांचे बळी गेले. मराठी-कानडी हा भेद त्या गोळ्यांनी पाहिला नाही.

आता योगायोग पाहा. निपाणीच्या बरोबर सत्तर वर्षे आधी, १९११ साली, शँपेन प्रांतातील मळेवालेही असेच उठले होते. बाहेरून आणलेल्या स्वस्त वाइनवर शँपेनची चिठ्ठी लावून पेढ्या गब्बर होत होत्या, आणि खऱ्या शँपेनच्या द्राक्षाला भाव मिळत नव्हता. जानेवारीत आणि पुन्हा एप्रिलात लोक तळघरांवर तुटून पडले, वाइन रस्त्यावर ओतली, पेढ्यांच्या इमारती पेटविल्या. शेवटी सैन्य बोलवावे लागले. त्या दंग्याचे दुसरे कारण तर आम्हा सीमाप्रश्नाशी परिचित असणाऱ्यांना थक्क करणारे आहे. शँपेनची सीमा कोठून कोठे, हाच तो वाद होता! ओब या जिल्ह्याला सीमेबाहेर ठेवले तेव्हा तिथले मळेवाले खवळले. त्यांना आत घेण्याची भाषा झाली तेव्हा मार्न जिल्ह्यातले पेटले. हा तंटा १९२७ च्या कायद्याने मिटला आणि ओब आत आला. पुढे १९४१ साली मळेवाले आणि पेढीवाले या दोहोंना समान स्थान देणारी एक संयुक्त समिती स्थापन झाली. द्राक्षाचा भाव, तोडणीचा काळ, नावाचे रक्षण या गोष्टी दोघांनी मिळून पाहावयाच्या, असे ठरले. शँपेनच्या आजच्या वैभवाचा पाया तळघरात आहे तितकाच या समझोत्यात आहे.

यातून सीमाभागाने घ्यावयाचा धडा दुहेरी आहे. एक, पिकविणाऱ्याला तळघरात वाटा आणि भाव ठरविताना आसन मिळाल्याखेरीज फेसाचे मोल त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. दुसरा, द्राक्षाच्या मुलखाची सीमा माती आणि हवा आखतात. शासकीय नकाशावरील रेषेने ती कापली तर दोन्ही तुकडे दुबळे होतात.

ही रेषा आपल्याकडे कशी काम करते, तेही पाहू. मद्य हा विषय संविधानाने राज्यसूचीत घातला आहे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हाही पिण्याचे मद्य त्याबाहेर राहिले. त्यामुळे प्रत्येक राज्य वाइनपुरते एक स्वतंत्र संस्थान आहे. महाराष्ट्राचे धोरण २००१ चे, कर्नाटकाचे २००७ चे. दोहोंनी आपापल्या वाइनला सवलत आणि शेजाऱ्याच्या वाइनला शुल्क, हा शिरस्ता ठेवला. कर्नाटकाने विजापूर-बागलकोट-बेळगाव या पट्ट्याला कृष्णाखोरे म्हटले. महाराष्ट्राने पलूसला उद्यान योजिले तेही कृष्णेच्याच खोऱ्यात. एकाच नदीच्या, एकाच द्राक्षाच्या मुलखासाठी दोन राज्यांनी दोन चुली मांडल्या आणि एकीवरही नीट शिजले नाही. अथणीच्या शेतकऱ्याने वाइन केली तर पन्नास-साठ किलोमीटरवरच्या मिरजेत ती परकी. तासगावकराने केली तर ती बेळगावात परकी. आणि गोव्याच्या हॉटेलांत जेथे अशा मालाला खरे गिऱ्हाईक, तेथे दोघेही परके.

सीमाप्रश्नाचा निकाल लागला की हे सारे सुरळीत होईल, असे कोणी म्हणेल. पण महाजन आयोगाने १९६७ साली बेळगाव कर्नाटकाकडे ठेवून निपाणीसह २६४ गावे महाराष्ट्रास देण्याची शिफारस केली, ती महाराष्ट्राने नाकारली, २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला आणि तो दावा अजून उभाच आहे. महाराष्ट्राची न्याय्य मागणी आम्हाला मान्य आहे. तिचा पाठपुरावा झालाच पाहिजे. मात्र निकाल कोणत्याही बाजूने लागला, तरी रेषा केवळ सरकेल, पुसली जाणार नाही. एखादे गाव तिच्या अलीकडे येईल आणि दुसरे पलीकडे उरेल. म्हणून रेषा असतानाही व्यवहार कसा चालेल, हे आजच पाहावयास हवे.

त्याला मार्ग आहे, आणि तो कायद्याच्या पुस्तकात आधीच छापलेला आहे. २००२ च्या बहुराज्यीय सहकारी संस्था कायद्याने एकाहून अधिक राज्यांत सभासद असलेली सहकारी संस्था स्थापता येते. अथणी, मिरज, कवठेमहांकाळ, जत, तासगाव येथील द्राक्ष उत्पादकांनी अशी एक संस्था का काढू नये? तिने पहिल्याच दिवशी कोट्यवधींचा कारखाना उभारू नये. पाच-दहा एकरांवर योग्य वाण लावून, उन्हाळा चढण्यापूर्वी तोडणी करून, एखाद्या चालू कारखान्यात भाड्याने बाटल्या भरून दोन-तीन हंगाम परीक्षा पाहावी. वाइन उतरली तर तळघर बांधावे. न उतरली तर बेदाणा आहेच. सभासदाला तोडणीच्या वेळी द्राक्षाचा भाव आणि बाटली विकल्यावर दुसरा हप्ता मिळावा. उसाच्या पट्ट्यातील माणसाला ही रीत नवी नाही. आणि संस्थेच्या मंडळावर राजकीय पुढाऱ्यांच्या वारसदारांऐवजी मळ्यात राबणारा माणूस बसावा. सहकाराचे कारखाने कशाने बुडाले, हे या भागाला दुसऱ्या कोणी शिकविण्याची गरज नाही.

सरकारांकडून अपेक्षा थोडक्या आहेत. दोन्ही राज्यांनी एकमेकांच्या, शेतकरी संस्थांनी केलेल्या वाइनवरील जादा शुल्क परस्परांना माफ करावे. गोवा शासनाने त्यात तिसरे भागीदार व्हावे; पर्यटकाला परदेशी बाटलीशेजारी शेजारच्या खोऱ्यातील बाटली दिसली तर आपले काही बिघडत नाही. आरभावी किंवा बागलकोटला वाइनविद्येचा अभ्यासक्रम सुरू व्हावा. ही घाई यासाठी, की परदेशी वाइनवरील १५० टक्के आयात शुल्काची भिंत आता खचू लागली आहे. २०२२ च्या डिसेंबरात अंमलात आलेल्या ऑस्ट्रेलियाशी केलेल्या कराराने तिला पहिले खिंडार पडले आणि ते वर्षावर्षाने रुंदावण्याचे त्या करारातच लिहिलेले आहे. बाहेरची वाइन देशात शिरताना जितकी मोकळी होत जाईल, तितकी घरची वाइन घरच्याच सीमेवर अडविणे अधिक हास्यास्पद ठरेल.

येथे एका आक्षेपाला तोंड दिले पाहिजे. तो टाळून पुढे जाणे आम्हाला योग्य वाटत नाही. ज्या बेळगावात १९२४ साली महात्मा गांधींनी काँग्रेसचे अध्यक्षपद स्वीकारले, आणि ते त्यांनी आयुष्यात एकदाच स्वीकारले, त्या भूमीत मद्याच्या धंद्याची वकिली करावी काय? स्वातंत्र्याच्या चळवळीत दारूच्या गुत्त्यांवर निरोधन करणाऱ्या भगिनींना काय वाटेल? १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते आणि १९४९ चा दारूबंदीचा कायदा त्यालाही लागू होता. संविधानाच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदाने मादक पेयांचा वापर रोखण्याचा प्रयत्न राज्याचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

त्याला उत्तर देताना खोटे बोलू नये, एवढे आमचे पहिले म्हणणे. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे, असा युक्तिवाद ऐकू आला. तो लंगडा होता. वाइनमध्ये बारा टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असतो आणि जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्णतः निर्धोक नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. त्या निर्णयास अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला आणि तो मागे पडला, हे ठीकच झाले. किराण्याच्या फळीवर साखर-पोह्यांशेजारी वाइन मांडून शेतकऱ्याचे कल्याण होते, असे आम्ही मानीत नाही. शेतकऱ्याच्या नावावर व्यसनाचा प्रसार करणे हा शेतकऱ्याचाच अपमान आहे.

परंतु गुत्ता वेगळा आणि मळा वेगळा. गुत्त्यावरची दारू मजुराची दिवसाची कमाई संध्याकाळी गिळते. बाटलीतच दोनदा आंबणारी, वर्ष-दीड वर्ष थांबणारी, महागडी आणि क्वचित प्रसंगी उघडली जाणारी फेसाळ वाइन त्या मजुराच्या वाटेला जात नाही. ती पिणारा पिणारच. प्रश्न एवढाच, की त्याचा पैसा परदेशी पेढीकडे जावा की अथणीच्या मळ्याकडे. आपल्या परंपरेनेही या वस्तूकडे डोळे झाकून पाहिलेले नाही. कौटिल्याने मद्यासाठी स्वतंत्र अध्यक्ष नेमण्यास सांगितले, त्याच्यावर कडक निर्बंध घातले, आणि द्राक्षरसाच्या मद्याची ओळख ते ज्या देशात होते त्या देशाच्या नावाने करून दिली. नियंत्रण आणि स्थानाभिमान या दोन्ही गोष्टी अर्थशास्त्राच्या एकाच प्रकरणात आहेत. घराघरात द्राक्षासवाची बाटली ठेवणाऱ्या आपल्या समाजाला हे समजणे जड जाऊ नये.

तेव्हा आमचे मत असे. सीमाभागातील द्राक्ष उत्पादकाने फेसाळ वाइनचा विचार अवश्य करावा, पण केवळ द्राक्ष पुरविणारा म्हणून नव्हे. जेथे तळघर दुसऱ्याचे आणि भाव दुसऱ्याचा, तेथे त्याने वेल लावू नये. खाण्याचे द्राक्ष आणि बेदाणा यांतच त्याचे हित आहे. जेथे तळघरात त्याचा वाटा आहे, दुसरा हप्ता लेखी आहे आणि माल सीमा ओलांडू शकतो, तेथे त्याने धाडस करावे. आणि हे तिन्ही जुळून येण्यासाठी बेळगाव, सांगली आणि पणजी येथील राज्यकर्त्यांनी एका टेबलाशी बसावे. सीमाप्रश्नावर ते बसत नसतील तर निदान द्राक्षासाठी बसावे.

१९८१ साली महामार्गावर जे शेतकरी बसले होते, त्यांची मागणी साधी होती: आमच्या पिकाचे मोल आम्हाला मिळू द्या. त्या मागणीला आजही नीट उत्तर मिळालेले नाही. तंबाखूच्या वखारीबाहेर जो उभा राहिला, त्याच्या नातवाला वाइनच्या तळघराबाहेर तसेच उभे राहावे लागू नये, एवढेच आमचे मागणे आहे.